निळ्या झग्याचं माप

११ जानेवारी

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. हसू नकोस. अक्षर अजून तसंच आहे, मुंगीचे पाय शाईत बुडवल्यासारखं.

बातमी अशी की तो सिनेमा मी करतोय. आपल्या घराचा. आई जाते, आणि मग दुपारच्या वेळी शिवणखोलीत परत येऊ लागते, तो. ओरडणं नाही, रक्त नाही, आरशातून कुणी बाहेर येणं नाही. एक घर, बाप, मुलगी, लहान मुलगा आणि गेलेली आई. निर्माते म्हणतात, हा भयपट नाही, हा कौटुंबिक सिनेमा आहे आणि कौटुंबिक सिनेम्याला तुमच्या नावावर कोण येणार? पेपरवाले तर शूटिंग सुरू व्हायच्या आधीच विचारतायत, तुमच्या आधीच्या भुतांच्या तुलनेत हे भूत कसं? मी सांगितलं, हे भूत ओळखीचं आहे. ते वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरात छापलं.

स्टुडिओत शिवणखोली उभी केलीय. खिडकी, खिडकीखाली मशीन, कापायचं टेबल, भिंतीलगतचा माझा कोच. फक्त आईचा निळा झगा हवा. कामाचा, लांब बाह्यांचा, तिनं स्वतः शिवलेला. असेल तर पाठव. नसेल तर तसाच शिवून दे. तुझ्याइतकं त्या झग्याला कुणी ओळखत नाही.

तुझा,
भित्र्या


१९ जानेवारी

चि. भित्र्या,

फोन उचलत नाही कारण मशीन थांबवावी लागते, आणि फोनवर मला हो म्हणायची खोड आहे. कागदावर नाही म्हणता येतं. ही सोय घालवू नकोस.

तुझे सगळे सिनेमे मी पाहिलेत, अर्धे डोळ्यांवर हात ठेवून. माझ्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला येणारी शाळेतली बाई परवा म्हणाली, "तुमच्या भावाच्या भुतांना हात का हो नसतात? सगळ्यांच्या बाह्या अशा रिकाम्या लोंबत असतात." मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण नको म्हणून. पण ती गेल्यावर मीही विचारात पडले. विहिरीवरची ती म्हातारी, वसतिगृहातली नर्स, तो स्टेशनमास्तर, एकालाही हात नाही. हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून शिरलं रे?

झगा नाही राहिला. कसर लागली, टाकून दिला. पण शिवून देते. त्याला माप लागत नाही, आईचं माप माझ्या हातात आहे. शिवणीत माया भरपूर ठेवीन, म्हणजे तुझी नटी मधेच सुटली तरी पंचाईत नको. एकच अडचण आहे. आई डावखुरी, तिची तुरपाई उलटीकडे झुकायची. मला शिकवताना ती समोर बसायची, तिचा डावा हात माझ्या उजव्याच्या समोर, जसं आरशात बघून शिकावं. त्यामुळे मी शिकले सगळं तिचंच, पण टाके पडतात दुसऱ्या बाजूला. पडद्यावर ते कुणाला दिसायचं नाही. मला दिसेल, तो भाग वेगळा.

बाबांच्या जागी कोण आहे? खोकायला येतं का त्याला?

ताई


२७ जानेवारी

प्रिय ताई,

बाबा उत्तम खोकतात. माणूस नाटकातला आहे, मागच्या रांगेपर्यंत खोकला पोचवतो.

हातांचं विचारलंस. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, मुलाखतीत तर नाहीच. तुला सांगायला हवं होतं, पण तू कधी त्या उन्हाळ्याबद्दल बोलू दिलं नाहीस.

आई गेली त्याच उन्हाळ्यात मला ताप येत राहायचा, आठवतं? शिवणखोलीतल्या कोचावर मला निजवायचे, कारण तिथे वारा यायचा. एका दुपारी जाग आली तर ती खिडकीशी उभी. निळा झगा. पाठीमागे ऊन, त्यामुळे तोंड काळं, काही दिसत नव्हतं. पण झगा आईचाच. आणि ताई, घेर जमिनीवर लोळत होता. बाह्या खाली लोंबत होत्या, आणि बाह्यांतून हात बाहेर येत नव्हते. मी "आई" म्हटलं. ती काही बोलली नाही. जवळ आली आणि बाहीच्या कापडानंच माझं कपाळ पुसलं. हात लागला नाही, नुसतं कापड.

त्यानंतर बऱ्याच दुपारी आली. माझी बोबडी वळायची, पण मी तिला जा म्हटलं नाही. उलट डोळे घट्ट मिटून वाट बघायचो. मी तेव्हा असा हिशेब लावला की माणूस मेलं की आटतं, कपडे आटत नाहीत. तोच हिशेब मी आयुष्यभर लोकांना विकला. माझं घर त्या रिकाम्या बाह्यांवर उभं आहे.

म्हणून दोन झगे हवेत. एक आईच्या मापाचा, ती जिवंत असतानाचा. दुसरा बराच मोठा, घेर लोळेल, बाह्या लोंबतील असा. नंतरचा.

आणि एक विचारू? तुला कधी दिसली नाही का ती? तू तर दिवसभर त्याच खोलीत असायचीस.

भित्र्या


१६ फेब्रुवारी

चि. भित्र्या,

पार्सल पाठवलंय. एकच झगा आहे. मोठा शिवणार नाही. आईचे कपडे आईला कधी मोठे झाले नाहीत, मी शिवायचे कशाला?

मला ती कधी दिसली नाही. विचारलंस म्हणून सांगते. पुन्हा विचारू नकोस.

धुताना गार पाणीच वापरायला सांग, निळा रंग सुटतो.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या नाकाला मिरच्या का झोंबल्या ते कळलं नाही, पण झगा पाहिला आणि मी बाहेर जाऊन रडून आलो. खरंच. नटीनं घातला, मशीनवर बसली, मान तिरकी करून सुईत दोरा ओवला आणि झालं. कॅमेरामन म्हणाला, साहेब, ऊन डोळ्यांवर येतंय का? मी म्हटलं, हो रे बाबा, ऊनच येतंय.

पण नंतरचे प्रसंग बसत नाहीत. मेलेली आई येते तेव्हा ती जिवंतच दिसते. दार उघडून दुधाचा हिशेब विचारेल असं वाटतं. कपडेवाल्यानं दुसरा मोठा झगा शिवून आणला, त्यात ती भूत कमी आणि बुजगावणं जास्त दिसते. मोठ्या बाईला त्याहून मोठा कपडा घातला की हसू येतं, भीती येत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे ती स्पष्ट आहे. उंची, खांदे, उभं राहणं, सगळं. तीच उतरत नाही पडद्यावर. आता कामगार सेटवर बसून पत्ते खेळतायत आणि निर्माता माझ्याकडे असा बघतो, जशी मीच त्याची म्हैस विकून खाल्ली.

तू ये ना एकदा. किंवा मला सांग काय चुकतंय. तू कपड्याकडे बघून माणूस ओळखतेस.

तुझी भूमिका करणारी पोरगी भारी आहे बरं का. चौदाची असेल, जीभ तुझ्यासारखीच. सुट्टी झाली तरी सेटवरून हलत नाही, सगळ्या वस्तूंना हात लावून बघते. काल मला म्हणाली, काका, तुमची ताई हसायची का कधी? मी म्हटलं, आई होती तोवर.

भित्र्या


२ मार्च

ताई,

आधीच्या पत्राला तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितोय.

आज जेवणाच्या सुट्टीत मी सेटवर एकटाच कोचावर पडलो होतो. दिवे बंद होते, खिडकीबाहेरचा तेवढा एक राहिला होता. डोळा लागला. जाग आली तर ती खिडकीशी उभी. घेर जमिनीवर. बाह्या लोंबतायत. हात नाहीत.

मी कोचावर उठून बसलो. तेवढ्यात ती म्हणाली, "काका, ओरडू नका हं, नुसता घालून बघितला." ती चौदाची पोरगी, अंगात तू शिवलेला झगा. आईच्या मापाचा.

ताई, ती तू होतीस.

भित्र्या


१५ मार्च

चि. भित्र्या,

हो. मी होते.

तुझं जानेवारीतलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं, लोळणारा घेर वाचला तिथेच. तोवर मला वाटायचं तू तापात काहीतरी पाहिलंस आणि विसरलास. तू ते उराशी धरून एवढा मोठा झालास हे मला काय ठाऊक! म्हणून मोठा झगा शिवला नाही. खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं, म्हणून दोन ओळी खरडल्या. तुझी आई तुझ्याकडून दुसऱ्यांदा काढून घ्यायची मला हिंमत झाली नाही रे.

तुला घाबरवायचं मनात नव्हतं. सुरुवातीला तर तू मनातच नव्हतास. बाबा कामावर गेले की घर खायला उठायचं. मी आईचा झगा अंगात घालून तिच्या खिडकीशी उभी राहायचे. वासासाठी. आणि आणखी एका गोष्टीसाठी, ती ऐकून हसू नकोस. तिच्या कपड्यांना हात लावलेला आईला खपायचा नाही. मला वाटायचं, निदान रागवायला तरी येईल.

मग एकदा तू जागा झालास आणि आई म्हणालास. त्याआधी तू घोटभर पेजसुद्धा पोटात ठेवत नव्हतास. त्या दुपारी मी तुझं कपाळ पुसलं, तू झोपलास, आणि संध्याकाळी उठून खायला मागितलंस. बाबांना तर आभाळ ठेंगणं झालं. आता सांग, दुसऱ्या दिवशी मी काय करायला हवं होतं? बोलायचे नाही, आवाज ओळखला असतास. हात बाहेर काढायचे नाही, माझ्या बोटांना सुया टोचून भोकं पडलेली, ती तू ओळखली असतीस. बाकी काही नव्हतं त्या भुतात. चौदा वर्षांची पोर होती आणि तिला तो झगा होत नव्हता.

शेवटचा दिवस अजून आठवतो. झगा अंगात असतानाच मशीनवर डोकं टेकून मला झोप लागली. टाचणीनं घोटा खरवडला तेव्हा जागी झाले. शिवणखोलीत टाचण्या काय, पायाखाली असायच्याच. तेवढ्यात दारात आत्या, बोचकं घेऊन, आपल्याकडे कायमची राहायला. तिनं मला त्या झग्यात पाहिलं असतं तर सगळ्या नात्यात डांगोरा पिटला असता. ओढून काढला, बोळा करून ट्रंकेत कोंबला, कुलूप लावलं. किल्ली तेव्हापासून माझ्याकडे आहे. कसर लागून टाकला हे तुला खोटं सांगितलं. तिथेच आहे तो. मी कधी उघडून पाहिला नाही. कशाला पाहायचा?

तर आई आली नव्हती. तुझ्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. तुला निदान वाटलं तरी की ती आली. मला तेवढंही मिळालं नाही, आणि खरं सांगू का, तुझं ते पत्र वाचताना त्याचाच राग आला होता. आता तू रागाव, मी ऐकून घेईन.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. शूटिंग थांबवलं होतं. निर्मात्याला सांगितलं, घरातलं माणूस गेलंय. ते खोटं नव्हतं. काही दिवस मला तसंच वाटत होतं.

रागावलो नाही. गंमत बघ, एवढ्या वर्षांत मी एकाच भुताची गोष्ट सांगत आलो. कधी त्याला म्हातारी केलं, कधी नर्स, कधी स्टेशनमास्तर. आणि ते भूत सगळा वेळ जिवंत होतं, गळे कापत होतं, काजं करत होतं, माझ्या फीसाठी रात्रंदिवस मशीन मारत होतं. पेपरवाल्यांना तुलनाच हवी असेल तर ही घ्या म्हणावं.

पण तुझं पत्र मी पुन्हा वाचलं आणि एका जागी अडलो. ताई, मशीनवर डोकं टेकून झोपलीस ती दुपार. ती मला आठवते. ती मी पाहिलीय.

मी हे सिनेम्यात घेतलंच नव्हतं, कारण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आणि लहानपणीच ठरवून टाकलं होतं की ते स्वप्न. मला जाग आली. लांब बाह्यांची ती त्या दिवशी मशीनवर ओणवी होती, डोकं खाली, निजलेली. आणि तिच्या पायाशी आई बसली होती. नुसती बसली होती, फरशीवर, गुडघ्यांवर, तशी ती गिऱ्हाइकांच्या पायाशी बसायची. अंगात साधा घरातला कपडा. तोंडात टाचण्या. एक एक काढून घेराला लावत होती. डाव्या हातानं.

माझी हालचाल ऐकून तिनं मान वर केली. तोंडात टाचण्या असल्या की आई बोलायची नाही, आठवतं ना? नुसत्या भुवया. तिनं भुवया उंचावल्या, म्हणजे झोप मुकाट्यानं. मी झोपलो. मला जराही भीती वाटली नाही. आई काम करतेय एवढंच वाटलं.

ताई, त्या दुपारी तू झोपली होतीस हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आत्याला माहीत नव्हतं, बाबा घरी नव्हते. तू पंधरा तारखेच्या पत्रात पहिल्यांदा लिहिलंस. ते वाचलं तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला, तो माझ्या एकाही सिनेम्यात नाही.

मला वाटायचं ती माझ्यासाठी आली होती. माझ्याकडे तिनं नुसतं बघितलं.

ट्रंक उघड. तुला जमत नसेल तर मी येतो, पण उघड.

भित्र्या


९ एप्रिल

चि. भित्र्या,

येऊ नकोस. मी उघडली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. म्हटलं, धंद्याची सवय, बहिणीलाही सोडत नाही मेला. मग दोन दिवस त्या ट्रंकेवर कापडाचे गठ्ठे रचून ठेवले, जशी काही ती आपण होऊन उघडणार होती. आज सकाळी एक गिऱ्हाईक मापाला आलं. मी तिच्या पायाशी बसले, टाचण्या तोंडात धरल्या आणि तशाच परत डबीत टाकल्या. तिला उद्या या म्हटलं आणि दार लावून घेतलं.

झगा तसाच बोळा होता. चुरगळलेला, रंग थोडा उडालेला, वास कसलाच नाही. टेबलावर पसरला आणि इस्त्री लावणार, तर तो आईच्या मापाचा नाही.

घेर वर घेतलाय. बाह्या मनगटापर्यंत आणल्यात. खांदे आत घेतलेत. मला वाटलं माझेच डोळे फिरले. कपाटातून माझा शाळेतला लांब बाह्यांचा फ्रॉक काढला, शेवटचा, आईनं शिवलेला, आणि त्यावर ठेवला. खांद्याला खांदा, बाहीला बाही. केसाचाही फरक नाही.

तुरपाई उलटीकडे झुकलेली आहे.

मी दुपारभर स्वतःशी भांडले. आत्यानं केलं असेल म्हटलं. पण आत्याला सुईत दोरा ओवायलासुद्धा शेजारीण लागायची, आणि किल्ली तर माझ्या गळ्यात होती. मी स्वतः झोपेत केलं असेल म्हटलं. पण भित्र्या, तसे टाके मला जागेपणीही येत नाहीत. जन्मभर प्रयत्न करून आले नाहीत. घेराच्या मागच्या बाजूला एक टाचणी राहून गेलीय, गंजून कापडाला चिकटलेली. नेमकी घोट्याच्या जागी.

मी रागवायला तरी ये म्हणत होते. ती रागावली नाही रे. पोरीला कपडा मोठा होतोय, एवढंच तिनं पाहिलं.

तुझ्या सिनेम्यात हेच दाखव. त्या पोरीला झोपू दे आणि नटीला तिच्या पायाशी बसव. पाय पोटाशी घेऊन नाही, गुडघ्यांवर. टाचण्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात. बोलायला एक शब्द देऊ नकोस. लोक म्हणतील आधीच्यांच्या तुलनेत हे भूत फारच गरीब. म्हणू देत.

आणखी एक, ते तुला कळणार नाही, शिवणारालाच कळेल. तिनं कापड कुठेही कापलेलं नाही. घेराचं, बाह्यांचं, जेवढं जास्तीचं होतं तेवढं सगळं आत दुमडून ठेवलंय, घडीवर घडी, प्रत्येक घडीला वेगळी तुरपाई. वाढत्या मुलीचा कपडा असाच शिवतात. दर वर्षी एक घडी उसवायची, म्हणजे कपडा तिच्याबरोबर वाढतो. शेवटची घडी उसवली की तो पुन्हा आईच्या मापाचा होईल, म्हणजे आता माझ्या.

तिनं सगळी तयारी करून ठेवली होती आणि मी कुलूप लावून बसले.

आज दुपारी उसवायला बसतेय. मशीनशी, खिडकीकडे तोंड करून. टाचण्यांची डबी डाव्या हाताला ठेवलीय.

फोन करू नकोस.

ताई